वाऱ्याशी खेळताना

आपण पतंग उडवितो. परंतु पतंगच माणसाला ओढून नेतो, असाही एक खेळ आहे. त्याला काइटसर्फिंग म्हणतात. कमरेच्या पट्ट्याला भला मोठा पतंग जोडून खेळाडू फळीवर उभा राहतो आणि समुद्राच्या लाटांवरून वेगाने धावतो.

वारा हाच ह्या खेळाचा प्राण आणि वाराच त्यातील मोठा धोका. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा किनाऱ्यावर सौम्य भासतो. परंतु तोच माणसाला खोल समुद्रात लोटून देतो. अशा वेळी किंवा वादळी ढग दिसताच पाण्यात उतरण्याचा मोह आवरावा. एकट्याने तर कधीच जाऊ नये.

तरीही पतंग अनावर झाला तर? घाबरलेला मनुष्य हातातील दांडी अधिकच घट्ट धरून आपल्याकडे ओढतो. नेमका त्यामुळेच पतंगाचा जोर वाढतो. म्हणून प्रथम दांडी सोडावी. तेवढ्याने भागले नाही, तर कमरेजवळील सुटकेची कळ पुढे ढकलावी. मग पतंग एकाच दोरीला बांधलेला राहतो आणि त्याचे बळ ओसरून तो पाण्यावर पडतो.

ह्या पतंगाच्या पुढील कडेला हवेने फुगविलेली नळी असते. फ्रान्समधील लेगेन्यू बंधूंनी अशा पतंगाचे पेटंट १९८४ साली घेतले. नळीमुळे पतंग बुडत नाही. दोऱ्या दांडीभोवती गुंडाळीत खेळाडू त्याच्यापर्यंत पोहोचतो आणि त्याच्याच आधाराने तरंगत राहतो. वारा किनाऱ्याकडे वाहत असेल, तर पतंग शिडासारखा धरून परतही येता येते.

पतंग धरून ठेवण्यास बळ लागते. तो वेळीच सोडण्यास विवेक लागतो.