पाणी शिरतं एकीकडून, दिसतं दुसरीकडे

जीपमध्ये पावसाचं पाणी येतं, ही तक्रार मुळात चुकीच्या पत्त्यावर जाते. जुलै १९४० मध्ये अमेरिकन लष्कराने हलक्या टेहळणी गाडीची मागणी काढली, तेव्हा कमी वजन, चारही चाकांना ओढ आणि पुढे पाडता येणारी काच, अशा त्या अटी होत्या. बँटम, विलीज आणि फोर्ड या तीन कंपन्यांच्या हातून जी गाडी घडली, तिला धातूचं छप्पर नव्हतं, दारं नव्हती. वर कॅनव्हास, बाजूला मोकळं. युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या आणि त्यातल्या सैनिकांनी पाणी अडवायचा विचार फारसा केला नसावा. आत आलेलं पाणी तसंच बाहेर जायचं, आणि कोरडं व्हायला ऊन असायचं.

ही गाडी मुंबईची झाली ती माझगावात. जे. सी. आणि के. सी. महिंद्र या भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीच्या नावात दुसरा ‘एम’ महिंद्रांचाच झाला. विलीजचे सुटे भाग बोटीने आणून माझगावला जीपची जुळणी सुरू झाली. पुढे सगळा पसारा कांदिवलीला गेला, पण सुरुवात गोदीशेजारची. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, उरलेल्या आठ महिन्यांत खारा वारा, आणि त्यात ही उघडी गाडी!

मग आपण तिला बंद करत गेलो. कॅनव्हासच्या जागी पत्र्याचं टप, पडद्यांच्या जागी दारं, दारांना सरकत्या काचा, खाली कार्पेट. काही गाड्यांना हे कारखान्यातून मिळालं, पुष्कळांना बॉडी बांधणाऱ्यांनी नंतर चढवलं. म्हणजे ज्या सांगाड्यात पाणी अडवायची कल्पनाच नव्हती, त्याच्या प्रत्येक फटीत आपण रबर कोंबलं, आणि वीस-पंचवीस वर्षांनी ते रबर मेलं की ‘बीडिंग बदलून टाका’ म्हणत गॅरेजात गेलो. माझं म्हणणं असं की बीडिंग हे या कामातलं शेवटचं काम आहे. ते पहिलं केलं तर पैसे वाया जातातच, शिवाय गाडी आधीपेक्षा लवकर सडते. पूर्वी पाणी जसं यायचं तसं जायचं. नव्या रबराने जाण्याची वाटही बुजते.

कार्पेट जिथे ओलं दिसतं तिथे भोक शोधत बसण्यात अर्थ नसतो. पाणी पत्र्याच्या घडीतून, वायरिंगच्या जुडीवरून, स्पंजमधून समईच्या वातीत तेल चढावं तसं सरकतं आणि सोयीच्या जागी टपकतं. जीपवर याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे ड्रायव्हरच्या नडगीवर पडणारी धार. सगळे दाराकडे बघतात. पाणी आलेलं असतं काचेच्या चौकटीखालून. ही चौकट बिजागऱ्यांवर पुढे पडते, म्हणून ती बॉनेटमागच्या पत्र्याला जोडलेली नसते. मध्ये फक्त एक रबराची पट्टी, आणि चौकट आवळून धरणाऱ्या दोन कड्या. चौकटीच्या खालच्या घडीत वर्षानुवर्षं पाणी साचून पत्रा आतून कुजलेला असतो. अशा पत्र्याखाली नवी पट्टी घातली तरी ती दाबली जाणार कशावर? आधी चौकट सोडवून कुजका तुकडा कापायचा, नवा पत्रा वेल्ड करायचा, रेड ऑक्साइड मारायचं, रंग द्यायचा, मग पट्टी. इथे डेंटर लांबी भरून वेळ मारून नेऊ पाहतो. त्याला ते करू देऊ नये. लांबीखाली गंज थांबत नाही, फक्त झाकला जातो.

दुसरा फसवा मुद्दा टपाच्या कडेची पन्हळ. तिच्या सांध्यात भरलेला सीलंट उन्हाने तडकतो, पाणी छताच्या आतल्या अस्तरात शिरतं आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यातून खाली येतं. मालक शपथेवर सांगतो की दाराचं बीडिंग गेलंय.

खात्री करायला मोठी सामग्री लागत नाही. गिरगाव-परळच्या चाळीत गाडी धुवायला पाइप लावला तर शेजारी काय बोलतील ते वेगळं सांगायला नको, पण बादली आणि मग्गा पुरतो. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने पाणी आधी खाली ओतायचं आणि हळूहळू वर सरकायचं. उलट केलं तर वरून ओघळलेलं पाणी सगळीकडून शिरल्यासारखं दिसतं. दाराची पकड बघायला बीडिंगवर खडू घासावा, दार लावून उघडावं. पत्र्यावर खडूची रेघ जिथे तुटते तिथे रबर टेकत नाही. किंवा दारात दहाची नोट धरून दार लावावं आणि ओढावी. जिथून ती लोण्यातून निघाल्यासारखी निघते, तिथून पाऊसही येणार.

आणि ही रेघ तुटण्याचं कारण पुष्कळदा रबर नसतंच, दार असतं. जुन्या जीपचं दार जड, बिजागरीच्या पिना आणि बुश झिजलेले. दाराचं मागचं टोक खाली येतं, वर फट पडते. मालक जाड बीडिंग आणतो. मग दार लागत नाही, म्हणून ते आपटतो, आपटून बिजागरी आणखी झिजते. पिना-बुश बदलून, बिजागऱ्या आणि कुलपाचा खटका जागेवर आणून दार आधी सगळीकडे सारखं बसवलं, तर कित्येकदा जुनंच बीडिंग आणखी एक पावसाळा काढतं.

रबर मरतं म्हणजे काय होतं? चार्ल्स गुडइयरने १८४४ मध्ये व्हल्कनायझेशनचं पेटंट घेतलं, तेव्हापासून गंधकाने रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात, म्हणून दाबलेलं रबर परत फुगतं. वर्षानुवर्षं दाबून ठेवलं, त्यात ऊन मिळालं, की ते दाबलेल्या आकारातच राहू लागतं. नख रुतवलं आणि खड्डा राहिला, तर समजावं. दुसरा शत्रू हवेतला ओझोन. नैसर्गिक रबर ताणलेलं असेल तर ओझोन त्यावर ताणाच्या आडव्या दिशेने बारीक चिरा पाडतो. कोपऱ्यातलं रबर आधी फाटतं ते यामुळे. आपल्याकडे दोडामार्ग-तिलारीच्या बाजूला रबराची लागवड आहे, पण गाडीच्या चांगल्या बीडिंगात त्या चिकाचं आता फारसं काम नाही. १९६० च्या दशकात आलेलं ईपीडीएम हे कृत्रिम रबर ऊन, पाऊस आणि ओझोन या तिघांनाही नैसर्गिक रबरापेक्षा फार जास्त टिकतं.

ईपीडीएमला एकच गोष्ट सोसत नाही, खनिज तेल. आणि मुंबईत पावसाळ्याआधी गाडीखाली डिझेल किंवा जळकं ऑइल फवारायची जुनी रीत आहे. पत्र्याचं त्याने काही काळ भलं होत असेल, पण तो फवारा दाराच्या रबरावर गेला की रबर फुगतं, मऊ पडतं आणि लोंबतं. बीडिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवावं, तेवढं बास.

खरेदीला ऑपेरा हाउसची स्पेअरपार्टची दुकानं आहेतच. जुना तुकडा कापून बरोबर न्यावा; नुसतं ‘जीपचं बीडिंग’ सांगितलं तर समोर मीटरवर विकलं जाणारं काहीही येतं. आतून पोलादी पट्टी असलेलं, कडेवर ठोकून बसणारं आणि वर पोकळ नळी असलेलं बीडिंग वेगळं. गोंदाने चिकटवायचा स्पंज वेगळा. काचेभोवतीचं दोन खाचांचं रबर वेगळं. नळी बोटांनी दाबून सोडावी, लगेच परत आली पाहिजे. स्पंज कापून टोक पाण्यात बुडवावं. पाणी शोषून घेणारा स्पंज गाडीला लावणं म्हणजे पत्र्याला ओला फडका बांधून ठेवणं.

बसवताना सगळ्यात मोठा मोह ताणण्याचा. कोपऱ्यावर ताणून बसवलेलं बीडिंग त्या दिवशी सुरेख दिसतं, महिन्याभरात आखडतं आणि सांध्यात फट पडते. कोपऱ्यात उलट थोडं आत ढकलत जावं, आणि सांधा दाराच्या खालच्या बाजूला यावा, वर कधीच नाही. फेव्हिबाँडसारखा गोंद दोन्ही बाजूंना लावून बोटाला जेमतेम चिकटेपर्यंत सुकू द्यावा लागतो. दमट हवेत त्याच्यावर ओलाव्याचा थर बसतो आणि पकड कच्ची राहते. म्हणून जूनमध्ये पहिली सर आल्यावर गॅरेजात धावणाऱ्याचं काम टिकत नाही, यात गॅरेजवाल्याचा दोष नसतो. पुढची काच बसवण्याची पद्धत मात्र बघण्यासारखी. रबर काचेवर चढवायचं, त्याच्या मोकळ्या खाचेत दोरी भरायची, साबणाचं पाणी लावायचं, काच बाहेरून चौकटीला टेकवायची आणि एकाने आतून दोरी हळूहळू ओढत जायची. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर उलटतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे वापरू नये. सुकताना त्यातून सुटणारं आम्ल उघड्या पत्र्याला गंज चढवतं.

मागच्या दाराचं बीडिंग पाण्याशिवाय आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं आहे आणि त्याकडे फार दुर्लक्ष होतं. गाडी पळताना तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथे घोटाळतो. मागची फट तो आत ओढून घेते. जुन्या जीपमध्ये मागे बसलेल्या पोरांना घाटात मळमळतं, त्याचा दोष नेहमी वळणांवर जातो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पैसे एकाच दाराचे असतील, तर मागचं दार आधी करावं.

राहिलं खालून येणारं पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला पंचाहत्तरही भरला नाही. म्हणजे गिरगावात कोरडी उभी असलेली गाडी कुठे काय भोगेल याचा भरवसा नाही. हिंदमाताला तर एवढा पाऊसही लागत नाही. दादर-परळच्या मधली ती बशी थोड्या जोराच्या सरीत भरते आणि भरतीच्या वेळी रिकामी व्हायला तयार नसते. अशा पाण्यात जीप उंच असल्याचा अभिमान उपयोगी पडत नाही. गिअरची दांडी, फोर-व्हील आणि लो-रेंजच्या दांड्या, पेडल, वायरिंगची भोकं, प्रत्येकाला रबराचा बूट किंवा ग्रोमेट असतो आणि एव्हाना तो फाटलेला असतो. ते सगळे बदलावेत. पण दारांच्या खालच्या कडेची बारीक भोकं बुजवू नयेत. सरकत्या काचेच्या कडेने दारात पाणी जातंच, ते त्या भोकांतून बाहेर पडतं. चिखलाने तुंबली असतील तर तारेने मोकळी करावीत. फ्लोअरला रबरी बुचं असतील तर पाण्यातून आल्यावर ती काढून, कार्पेट उचलून, गाडी वाळू द्यावी. आणि ती प्लास्टिकची निळी ताडपत्री! चाळीखाली उघड्यावर उभी गाडी चार महिने तिच्यात गुंडाळून ठेवली, की आतली वाफ बाहेर पडत नाही आणि पत्रा घाम धरतो. झाकायचंच असेल तर टपापुरतं झाकावं, बाजू मोकळ्या सोडाव्यात.

या कामाचा हंगाम सुरू होतो दिवाळीत. पावसाळा नुकताच सरलेला असतो, पाण्याचे डाग कार्पेटच्या उलट्या बाजूला आणि अस्तरावर अजून ताजे असतात. मार्चपर्यंत धूळ बसून ते दिसेनासे होतात. मॅट काढून डागांच्या जागा खडूने पत्र्यावरच मांडून घ्याव्यात, फोटो काढून ठेवावेत. पत्राकाम आणि बिजागऱ्या थंडीत उरकाव्यात. रबर होळीनंतर आणावं, आणि गोंद एप्रिलच्या कोरड्या दुपारी लावावा.