पाणी टाळणाऱ्या होड्या

होडी पाण्यावर तरंगते, असे आपण धरून चालतो. सिएटलच्या टेड जोन्स यांनी आखलेली ‘स्लो-मो-शन फोर’ मात्र पाणी शक्य तितके टाळी. नाव संथगतीचे, इंजिन लढाऊ विमानाचे! पुढचे दोन उंचवटे आणि मागे अर्धा बुडालेला पंखा, एवढेच पाण्याला टेके. बाकी अंग हवेवर. २६ जून १९५० रोजी तिने ताशी सुमारे २५८ किलोमीटरचा विक्रम केला.

पण उचलणारी हवाच उलथवतेही. १९८१ साली बिल मन्सी आणि पुढच्याच वर्षी डीन शेनोवेथ असेच उलटून गेले. दोघेही उघड्यावर बसलेले. मग १९८६ पासून एफ-१६ विमानाचे मजबूत पारदर्शक छत्र चालकांच्या डोक्यावर आले. वेगाचा हिशेब आधी जुळला. माणसाचा मांडायला छत्तीस वर्षे लागली.