गळका फवारणी पंप : घरच्या घरी तपासणी आणि दुरुस्ती

सप्टेंबरमध्ये रायपूरच्या परिसरात धान पोटरीत येते आणि त्याच सुमारास तपकिरी तुडतुड्यांची संख्या वाढू लागते. हवेत दमटपणा इतका असतो की नुसते बांधावर उभे राहिले तरी सदरा पाठीला चिकटतो. अशाच एका दुपारी आमच्या प्रक्षेत्रावर फवारणी करणाऱ्या मजुराचा सदरा कमरेपासून खाली ओलाचिंब दिसला. विचारले तेव्हा त्याने घामच असल्याचे सांगितले. पंप खाली उतरवून पाहिला, तर टाकीच्या तळाशी, पाठीकडच्या बाजूने, एकेक थेंब ओघळत होता. त्याला तत्काळ साबणाने आंघोळ करावयास लावून कपडे बदलवले. सुदैवाने त्याला काही त्रास झाला नाही. तो पंप त्या सकाळी मीच पाहून दिला होता. पाहिला होता म्हणजे, दांडा मारल्यावर नोझलमधून फवारा येतो की नाही, एवढेच पाहिले होते.

‘फवारा येतो म्हणजे पंप ठीक आहे’ हा समज शेतकऱ्यांइतकाच आम्हा संशोधकांमध्येही आहे. गळका पंपही फवारा देतो, आणि पावसाळी घामात ती गळती लपून जाते. प्रस्तुत लेखात पाठीवरच्या पंपाची गळती कशी ओळखावी, कोणती दुरुस्ती घरी करता येते आणि कोठे थांबावे, याचा विचार केला आहे.

थेंबाचा हिशोब

साधारणपणे पाण्याचे २० थेंब म्हणजे १ मिलि. सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर मिनिटाला ३ मिलि द्रावण बाहेर पडते. नोझलचा प्रवाह मिनिटाला ६०० मिलि धरल्यास १६ लिटरची टाकी रिकामी होण्यास सुमारे २७ मिनिटे लागतात. एवढ्या वेळात ८० मिलि, आणि दिवसभरात दहा टाक्या मारल्यास ८०० मिलि द्रावण गळते. पिकाच्या दृष्टीने हा तोटा एकूण द्रावणाच्या अर्धा टक्का, म्हणजे नगण्य आहे. परंतु तो शेतभर पसरत नाही. तो सगळा एकाच माणसाच्या पाठीवर, कमरेवर आणि मांड्यांवर उतरतो, आणि ओल्या कपड्यामुळे तासन्‌तास त्वचेला लागून राहतो.

त्वचा सर्व ठिकाणी सारखी नसते. पॅराथिऑन या कीटकनाशकावर १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की हाताच्या कोपरापुढील त्वचेतून जेवढे शोषण होते, त्याच्या सुमारे दुप्पट पोटाच्या त्वचेतून, सुमारे चौपट कपाळातून आणि जवळजवळ बारापट वृषणाच्या त्वचेतून होते. पाठीवरून ओघळणारे पाणी कोणत्या दिशेने जाते, हे लक्षात घेतले म्हणजे हातमोजे घालूनही गळका पंप का धोकादायक ठरतो, हे कळते.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. राज्य शासनाने चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले. नेहमीपेक्षा उंच वाढलेली कपाशी, अनेक कीटकनाशकांची एकत्र मिसळण, संरक्षक कपड्यांचा अभाव, उष्ण व दमट हवा अशी अनेक कारणे तेव्हा पुढे आली. त्या दुर्घटनेचा दोष एकट्या पंपावर टाकता येणार नाही. मात्र विष श्वासाइतकेच त्वचेतूनही शरीरात जाते, हा तिचा धडा आहे आणि गळती ही त्याच वाटेची उघडी राहिलेली फट आहे.

दुसरा परिणाम किडीवर होतो. गळती दाबाच्या बाजूस असेल तर नोझलपाशी दाब कमी पडतो आणि थेंब मोठे होतात. तपकिरी तुडतुडे धानाच्या चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या पातळीच्या थोडे वर बसतात. तेथे द्रावण पोहोचले नाही की ‘औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार येते, मात्रा वाढवली जाते, दुसरे औषध मिसळले जाते. विस्तार कार्यकर्त्यांनी अशा तक्रारीच्या वेळी औषध बदलण्याचा सल्ला देण्यापूर्वी एकदा पंप पाहावा.

गळती दोन प्रकारची

पंपाचे मनाने दोन भाग करावेत. टाकी, झाकण आणि तळाचे जोड हा पहिला भाग. येथे दाब नसतो. येथील गळती पंप स्थिर असतानाही चालू राहते किंवा वाकल्यावर सुरू होते. पिस्टनच्या पुढील दाबकक्ष, होज पाइप, खटका, लान्स आणि नोझल हा दुसरा भाग. येथील गळती दांडा मारल्यावरच दिसते. म्हणून तपासणीही दोन टप्प्यांत करावी.

पंप धुऊन बाहेरून पूर्ण कोरडा करावा. टाकीत अर्ध्यापर्यंत स्वच्छ पाणी भरून त्यात कपड्यांची थोडी निळ मिसळावी. पंप पांढऱ्या जुन्या धोतरावर किंवा कागदावर दहा मिनिटे स्थिर ठेवावा आणि मग चारही बाजूंना वाकवावा. निळा डाग पडला तर दोष पहिल्या भागात आहे. नंतर खटका बंद ठेवून, हाताला दाब जाणवेपर्यंत दांडा मारावा आणि प्रत्येक जोड कोरड्या पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावा. फडके ज्या जोडाशी निळे होईल, तोच दोषी. पाणी खाली ओघळते, त्यामुळे सर्वांत वरचा ओला जोड हे मूळ समजावे. बाहेर कोठेच डाग नाही आणि तरीही दाब उतरत असेल, तर गळती आत, झडपेत आहे.

दुरुस्तीपूर्वी

पंप उघडण्यापूर्वी खटका दाबून आतील दाब सोडावा. टाकी तीन वेळा थोड्या थोड्या पाण्याने विसळावी आणि प्रत्येक वेळी ते पाणी खटका व नोझलमधूनही जाऊ द्यावे. विसळलेले पाणी, त्या औषधाची शिफारस असलेल्या पिकावरच फवारावे. नाल्यात, तळ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. नायट्राइल रबराचे हातमोजे घालावेत. दुरुस्ती अंगणात किंवा गोदामाबाहेर करावी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा मुलांच्या आसपास नव्हे. पाना, पेचकस, जुना दातघासणी ब्रश, टेफ्लॉन टेप आणि आपल्या पंपाच्या मापाचा वॉशर-संच एवढे साहित्य पुरते.

कोठे काय करावे

१. झाकण : वाकल्यावर मानेवर द्रावण येत असेल तर झाकणातील रबरी गॅस्केट काढून पाहावी. ती चपटी, कडक किंवा भेगाळलेली असल्यास बदलावी. झाकणाला हवा आत घेणारे बारीक छिद्र किंवा झडप असते, ती ब्रशने साफ करावी. गळते म्हणून हे छिद्र मेणाने किंवा काडीने बुजवू नये. हवा आत न शिरल्यास टाकी आत ओढली जाते आणि पंप पाणी उचलत नाही. खुणेच्या वर टाकी भरू नये.

२. पिस्टन : दांड्याच्या मुळाशी किंवा सिलिंडरभोवती गळत असेल, तर वाटीच्या आकाराचा वॉशर झिजलेला असतो. चामड्याचा असल्यास नवा वॉशर बसवण्यापूर्वी खाद्यतेलात भिजवून मऊ करावा. बसवताना वाटीचे तोंड दाबाच्या बाजूस आले पाहिजे. उलटा बसवलेला नवा वॉशर जुन्यापेक्षाही वाईट काम करतो, म्हणून जुना काढतानाच त्याची दिशा लक्षात ठेवावी.

३. झडपा : दाब टिकत नसेल आणि बाहेर ओल नसेल, तर झडपेच्या गोळीखाली किंवा चकतीखाली कचरा अडकलेला असतो. बहुधा धुणे पुरते. बैठकीवर ओरखडा असल्यास झडप बदलावी. टाकीच्या तोंडाची गाळणी काढून टाकण्याची सवय हे या दोषाचे नेहमीचे कारण आहे.

४. होज पाइपचे जोड : पाइप बहुधा टोकाशीच फाटतो. फाटलेला भाग, साधारण २ ते ३ सेंमी, धारदार सुरीने काटकोनात कापावा. टोक कोमट पाण्यात धरून मऊ करावे, पूर्ण आत सरकवावे आणि क्लिप आवळावी. सायकलच्या ट्यूबची पट्टी किंवा तार गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. दाब येताच तेथूनच पिचकारी उडते, आणि ती बहुधा चेहऱ्याच्या दिशेने.

५. खटका आणि लान्स : खटका सोडल्यानंतरही नोझल ठिबकत असेल तर खटक्यातील ओ-रिंग किंवा स्प्रिंग बदलावी. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावावे. वाहनाचे साधे ग्रीस नैसर्गिक रबर फुगवते. आट्यांच्या जोडावर टेफ्लॉन टेपचे तीन-चार वेढे आटे आवळण्याच्या दिशेने द्यावेत. मात्र जेथे पाणी वॉशरच अडवतो, तेथे टेप त्याची जागा घेऊ शकत नाही.

६. नोझल : टोपीखालचा वॉशर तपासावा. छिद्र ब्रशने साफ करावे. तारेने कोरू नये आणि तोंडाने तर कधीही फुंकू नये.

७. बॅटरीवरचा पंप : प्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी. बॅटरीच्या कप्प्यात ओल दिसली तर डायफ्रॅम पंपाचे डोके किंवा त्याचे जोड गळत आहेत. डोक्याचे स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने, सारखे आवळावेत. तरीही गळत असेल, तर डायफ्रॅमचा संच किंवा पूर्ण पंप बदलणे इष्ट. फ्यूज उडाल्यास त्याजागी तार घालू नये.

वॉशर वारंवार का जातो?

प्रवाही कीटकनाशकांत म्हणजे ईसी प्रकारात सेंद्रिय द्रावके असतात. ती साध्या रबरात शिरून त्याला फुगवतात व मऊ करतात, आणि सुकल्यावर तेच रबर आक्रसून भेगाळते. त्यामुळे द्रावण रात्रभर टाकीत ठेवल्यास वॉशरचे आयुष्य झपाट्याने घटते. साध्या रबरापेक्षा नायट्राइल आणि त्याहून व्हायटॉनचे वॉशर अशा द्रावकांना अधिक दाद देत नाहीत. किंमत अधिक असली तरी खटका आणि पिस्टन या दोन ठिकाणी तो खर्च वाया जात नाही. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे रोज काम संपताच पंप धुऊन, झाकण सैल ठेवून, सावलीत उलटा सुकवणे.

कोठे थांबावे

टाकीलाच तडा गेला असेल तर ती दुरुस्त करू नये. या टाक्या बहुधा पॉलिथिलीनच्या असतात आणि पॉलिथिलीनवर इपॉक्सी लांबी किंवा गोंद पकड घेत नाही. चिकटलेला दिसणारा थर भरलेल्या टाकीच्या वजनाने, नेमका पाठीवर असताना सुटतो. अशी टाकी धुऊन, भोक पाडून मोडीत काढावी. तिच्यात पाणी साठवू नये, जनावरांना त्यातून पाजू नये. दाबकक्षाला तडा असल्यास तो भाग बदलावा, तेथे ठिगळ चालत नाही.

दुरुस्तीनंतर

निळीची चाचणी पुन्हा दोन्ही टप्प्यांत करावी. त्यानंतर एक मिनिटाचा फवारा मोजपात्रात धरून तीन वेळा मोजावा व सरासरी काढावी. त्याच क्रमांकाचे नवे नोझल त्याच दाबाला जेवढे पाणी देते, त्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक पाणी येत असेल तर नोझल झिजले आहे. उदाहरणार्थ, नवे नोझल ६०० मिलि देत असेल आणि जुने ६६० च्या वर गेले, तर ते बदलावे. दाब सुधारल्यावर प्रवाहही बदलतो, म्हणून एकरी लागणाऱ्या पाण्याचा जुना हिशोब दुरुस्तीनंतर नव्याने करावा.

फवारणी चालू असताना पाठ ओली लागली तर घाम आहे की द्रावण, यावर विचार करीत बसू नये. पंप उतरवावा, कपडे काढावेत, साबण व भरपूर पाण्याने अंग धुवावे. अंगाला लाळ, मळमळ, उलटी, डोळ्यांपुढे धूसरपणा, स्नायूंचे फडफडणे यांपैकी काही जाणवल्यास १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचा डबा किंवा त्याचे लेबल डॉक्टरांना दाखवावे. कोणते विष आहे हे कळल्यास उपचार लवकर सुरू होतात.

छत्तीसगडात आषाढी अमावास्येला हरेली साजरी होते. त्या दिवशी नांगर, कुदळ, फावडे धुऊन त्यांची पूजा करतात. त्या रांगेत फवारणी पंप क्वचितच दिसतो. हरेलीनंतर महिनाभराने विदर्भात पोळा येतो, आणि धान व कपाशीवरील फवारण्यांचा जोर त्यानंतरच वाढतो. या दोन सणांमधल्या महिन्यात विस्तार कार्यकर्त्यांनी गावोगावी एक दिवस ठरवून सर्वांचे पंप एकत्र आणवावेत, निळीचे पाणी भरावे आणि सोबत वॉशरचे चार-दोन संच ठेवावेत. आमच्या प्रक्षेत्रावर त्या दुपारनंतर एक नियम झाला आहे : पांढऱ्या फडक्यावर निळा डाग पडत नाही तोवर ठीक, पडला तर तो पंप कोणाच्याही पाठीवर जात नाही.