नाव वाचता येतं म्हणजे अक्षरं येतात?

"आमची मीरा स्वतःचं नाव वाचते," असं पालक कौतुकानं सांगतात, आणि कौतुक रास्तच आहे. मात्र साडेतीन-चार वर्षांचं मूल बहुतेकदा अक्षरं वाचत नसतं. नावपट्टीचा रंग, कोपऱ्यातलं फूल, शब्दाची लांबी एवढ्या खुणांवर ते आपली पट्टी उचलतं. उटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये वाचनाचे टप्पे मांडले, त्यात शब्द चित्रासारखा ओळखणं हाच पहिला टप्पा आहे. पारखायचं असेल तर साध्या कागदावर एकाच शाईनं मीरा, मीना, राधा अशी नावं लिहून समोर ठेवा. तिनं 'मीना' उचललं, तर 'मी' ओळखीचा झालाय, 'रा' अजून व्हायचाय. हे अपयश नव्हे. पुढे काय दाखवायचं ते यातूनच कळतं.

"आधी अ ते ज्ञ पाठ होऊ दे, नावाचं मग बघू," हा आग्रहही सोडायला हवा. मुळाक्षरं ओळीनं म्हणता येणं आणि त्यातलं एखादं सुटं ओळखणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा ट्रायमन आणि ब्रॉडरिक यांनी १९९८ मध्ये अभ्यास केला, तेव्हा आपल्या नावाचं पहिलं अक्षर मुलांना इतरांपेक्षा जास्त ओळखीचं असल्याचं दिसलं. त्या अक्षराचा आवाज मात्र त्यांना तितकासा येत नव्हता. आपल्याकडे ही अडचण कमी, कारण 'म'चं नाव आणि आवाज जवळपास एकच आहेत.

खरी गुंतागुंत आहे ती देवनागरीत, आणि तिकडे फार कमी लक्ष दिलं जातं. नावातलं अक्षर आलं की ते कुठंही ओळखता येईल, असं आपण धरून चालतो. हजेरीच्या तक्त्यावर राधा, प्रणव आणि आर्या ही नावं एकाखाली एक वाचून बघा. तिन्हींत 'र' आहे, पण राधाचा सरळ उभा, प्रणवचा 'प'च्या पायाशी तिरका आणि आर्याचा रफार होऊन डोक्यावर बसलेला. ईशानची 'ई' मीराच्या नावात दुसरी वेलांटी होते. शिवानीचं तर आणखी अवघड: पहिली वेलांटी लिहिली जाते 'श'च्या आधी, ऐकू येते नंतर. म्हणून वेलांटी सुटी न दाखवता 'शि' अख्खा दाखवावा, शेजारी 'श' ठेवावा आणि दोन्ही मोठ्यानं म्हणावेत. आणखी एक बारीक बाब. पट्ट्या कॉम्प्युटरवर छापल्या तर 'ल' आणि 'श' अनेकदा हिंदी वळणाचे येतात, पुस्तकात मराठी वळणाचे असतात. शीतल नावाच्या मुलीची त्यामुळे दुहेरी पंचाईत होते. तिची पट्टी हातानंच लिहावी.

मूल अक्षर उलटं काढतं, ३ चा ६ करतं, म्हणून काही आईबाबा धास्तावतात. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच, हे मेंदूला लहानपणापासून ठाऊक असतं. अक्षरांना हा नियम लागू नाही, हे नव्यानं शिकावं लागतं. सहा-सात वर्षांपर्यंत अशी उलटापालट सर्रास दिसते. तेवढ्यावरून डिस्लेक्सियाचा शिक्का मारू नये. दुसरी-तिसरीतही ती टिकली आणि वाचनही अडत असेल, तर तज्ज्ञांना जरूर दाखवावं.

राहिलं गिरवणं. पानभर ठिपके जोडले की अक्षर पक्कं होतं, असं नाही. जेम्स आणि एंगलहार्ट यांनी २०१२ मध्ये अजून वाचू न लागलेल्या, पाच वर्षांच्या आसपासच्या मुलांचा मेंदू तपासला. बघून स्वतः काढलेलं अक्षर पुन्हा पाहताना वाचनाशी जोडलेले भाग जितके जागे झाले, तितके गिरवलेल्या किंवा टाइप केलेल्या अक्षरानं झाले नाहीत. तेव्हा वाकडं आलं तरी मुलाला स्वतः काढू द्यावं: पाटीवर, वाळूत बोटानं, किंवा जमिनीवर चिंचोके मांडून.

आणि घरी ज्या मुलीला सगळे चिऊ म्हणतात, तिच्यासाठी शिवानीच्या पट्टीबरोबर 'चिऊ'चीही एक पट्टी असू द्यावी. 'शि' आणि 'चि' शेजारी आले, की सारखं काय आणि वेगळं काय, हे ती बोट ठेवून दाखवू शकते.