एका गिअरची सायकल: निवडताना आणि जमवून घेताना

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि त्याआधी पंधरा दिवस घराघरांत तोच हिशेब सुरू होतो. वह्या, गणवेश, दप्तर झाले, जाण्यायेण्याचे काय? अकोल्याच्या जुन्या शहरातून मोर्णेपलीकडे जायचे असते, अमरावतीत नागपुरी गेटकडून कॅम्पाकडे, खेड्यातून तालुक्याला. महिन्याचा ऑटो परवडत नाही आणि अब्बांची मोटरसायकल सकाळीच कामावर निघते. मग घरात कुणीतरी म्हणते, "आठवी झाली ना, पुरे आता." अभ्यासाला कंटाळून शाळा सुटलेल्या मुली आम्हा शिक्षकांना थोड्या भेटल्या, अंतरामुळे सुटलेल्या जास्त. म्हणून सायकलीबद्दल थोडे सविस्तर लिहितो आहोत.

आधी एक माहिती. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. २०२२ साली ही रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. योजना ठराविक तालुक्यांपुरती आहे, तेव्हा आपल्या तालुक्याचे काय ते मुख्याध्यापकांना जरूर विचारावे.

दुकानात गेले की मुलांचे बोट नेमके जाड टायरच्या, शॉकअपवाल्या, २१ गिअरच्या सायकलीकडे जाते. दिसते झकास. पण स्वस्तातल्या गिअरचे सामान नाजूक असते. शाळेच्या स्टँडवर दोन सायकली अंगावर पडल्या की मागचा गिअर वाकतो आणि चेन तारांत जाते. स्वस्त शॉकअपही वजन वाढवतो आणि पायडल मारण्यातली काही ताकद स्वतःच खातो. अकोला तर पूर्णेच्या सपाट खोऱ्यात वसलेले. अमरावतीत थोडा चढउतार आहे, पण चिखलदऱ्याचा घाट काही रोज चढायचा नसतो. रोजच्या चार-पाच किलोमीटरला एकच गिअर पुरतो, फक्त तो योग्य हवा.

तो योग्य करता येतो, हेच पुष्कळांना माहीत नसते. जुन्या काळ्या सायकलीला पुढे बहुधा ४४ किंवा ४८ दाते असतात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. पुढचे ४४ धरले तर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ५.४ मीटर जाते. धडधाकट माणसाला हे ठीक, पण तेरा वर्षांच्या मुलीला पाठीवर दप्तर, समोरून वारा आणि वर उड्डाणपूल असला की जड होते. मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवले की तीच फेरी साधारण ४.४ मीटरची होते. वेग थोडा घटतो, पायावरचा जोर जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी होतो. चाक अर्धा इंच पुढे सरकवून बहुधा भागते. नाही भागले तर चेनची एक कडी वाढवावी लागते. काम तासाभराचे. गणिताच्या तासाला गुणोत्तर शिकवताना आम्ही हेच उदाहरण देतो. व्यापाऱ्याच्या नफ्यातोट्यापेक्षा मुलांना ते लवकर कळते.

सेकंडहँड घ्यायला संकोच नको. हीरो, अ‍ॅव्हॉन, अ‍ॅटलस या जुन्या काळ्या सायकलींचे बरेचसे सामान एकमेकींना चालते. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला. तरी तिच्या सायकली अजून रस्त्यावर आहेत. घेताना मागे उभे राहून दोन्ही चाके एका रेषेत दिसतात का पाहा. पुढचा चिमटा मागे झुकलेला असेल तर सायकल कुठेतरी आदळलेली आहे. हँडलखालच्या जोडावर नवा रंग दिसला तर नखाने खरवडून बघा, खाली चीर असू शकते. पायडल मारताना टक् टक् आवाज येत असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा कॉटर पिन झिजलेली असते. आणि फ्रेमचा नंबर व पावती मागा. चोरीचा माल स्वस्तात पडला तरी तो आपल्या दारात नको.

"अजून दोन वर्षे चालेल" म्हणून मोठी सायकल घेण्याची आपल्याकडे फार सवय. चपलेचे ठीक आहे, सायकलीचे नाही. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हावा. चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. मुलगी लहानखुरी असेल तर २८ ऐवजी २६ इंची चाकाची, मधली दांडी नसलेली सायकल घ्या. चेनला पूर्ण कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी लावायलाच हवी. ओढणी किंवा बुरखा चाकात अडकून झालेले अपघात साधे नसतात.

काही तरुण मुले मोबाइलवर पाहून मडगार्ड, चेनकव्हर, ब्रेक सगळे काढून टाकतात आणि 'फिक्स्ड' सायकल करायची म्हणतात. तिला फ्रीव्हील नसते, म्हणजे चाक फिरते तोवर पायडलही फिरत राहते. जपानमध्ये १९४८ पासून चालत आलेल्या केरिन शर्यतीत अशाच बिनब्रेकच्या सायकली धावतात, पण त्या बंदिस्त ट्रॅकवर. आपल्या गल्लीत समोरून बकरी, हातगाडी आणि शाळा सुटलेली पोरं एकाच वेळी येतात. हौस असेल तर रंग बदला, हँडल बदला. फ्रीव्हील आणि दोन्ही ब्रेक राहू द्या.

मडगार्डबद्दल मात्र वऱ्हाडाचा हिशेब वेगळा. डांबरी रस्त्यावर ते हवेच. शिवारातून यायचे असेल तर पावसात काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये अशी घट्ट बसते की चाकच फिरत नाही. तिथे मडगार्ड टायरपासून दोन बोटे वर बसवून घ्यावे. बाभळीच्या काट्यांवर जुना उपाय अजून चालतो: टाकाऊ ट्यूब उभी चिरून टायर आणि ट्यूबच्या मध्ये अस्तर म्हणून घालायची. वजन थोडे वाढते, पंक्चर बरेच कमी होतात.

दांडीचे ब्रेक असलेल्या सायकली पावसात उशिरा थांबतात, कारण लोखंडी रिम ओली झाली की रबर घसरते. पावसाळ्याआधी चारही रबरे बदला, आणि मुलांना पहिल्या सरीतच मोकळ्या मैदानात ब्रेक मारून किती अंतरावर थांबते ते पाहायला लावा. चेनला गॅरेजमधले जळके ऑइल घालू नका. चेन आधी कोरड्या फडक्याने पुसा, मग शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब कडीकडीवर सोडा आणि वरचे तेल पुसून टाका. मे महिन्याच्या धुळीत हे आठवड्याला, पावसात भिजून आल्यावर त्याच संध्याकाळी.