कन्हान खोऱ्यातील वादळी प्रणालींचा मागोवा

कन्हान खोऱ्यातील वादळी प्रणालींचा मागोवा म्हणजे बंगालच्या उपसागरातून किंवा अरबी समुद्रातून मध्य भारताकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालींचे निरीक्षण, त्यांच्या मार्गाचा व पावसाचा अंदाज आणि त्यावर आधारित पूरसूचना यांची व्यवस्था होय. नागपूर जिल्ह्यातील कन्हान हे शहर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असल्याने चक्रीवादळाचे वारे तेथे पूर्ण जोराने पोहोचत नाहीत. मात्र अशा प्रणालींमुळे होणाऱ्या अतिवृष्टीचा आणि पुराचा धोका राहतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

कन्हान नदी मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात सातपुडा पर्वतरांगांत उगम पावते. पेंच व कोलार या उपनद्या तिला कन्हान शहराच्या वरच्या बाजूस, बिना संगम परिसरात मिळतात. पुढे अंभोरा येथे ती वैनगंगेस मिळते. पेंच नदीवर मध्य प्रदेशात चौराई येथे, तर महाराष्ट्रात तोतलाडोह व नवेगाव खैरी येथे धरणे आहेत. त्यामुळे शहरात पाऊस नसतानाही छिंदवाड्यातील अतिवृष्टीने आणि धरणांतील विसर्गाने नदीला पूर येऊ शकतो.

प्रणालींचे वर्गीकरण

भारतीय हवामान विभाग या प्रणालींचे वर्गीकरण वाऱ्याच्या वेगावरून करतो. ताशी ३१ ते ४९ किमी वेग असल्यास अवदाब (डिप्रेशन), ५० ते ६१ किमी असल्यास तीव्र अवदाब आणि ६२ किमी किंवा अधिक असल्यास चक्रीवादळ मानले जाते. नाव फक्त चक्रीवादळालाच दिले जाते. पावसाचे वर्गीकरण स्वतंत्र असून २४ तासांत ६४.५ मिमीपासून जोरदार, ११५.६ मिमीपासून अतिजोरदार आणि २०४.५ मिमीपासून अत्यंत जोरदार पाऊस समजला जातो. वाऱ्याच्या दृष्टीने दुर्बल असलेली प्रणालीही संथ गतीने सरकल्यास प्रचंड पाऊस पाडू शकते.

चक्रीवादळे मुख्यत्वे एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात निर्माण होतात. कन्हान खोऱ्यासाठी मात्र जून ते सप्टेंबर हा काळ अधिक महत्त्वाचा असतो. या काळात उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा व छत्तीसगडमार्गे पश्चिम-वायव्येकडे सरकतात.

निरीक्षणाची साधने

समुद्रावरील प्रणाली इन्सॅट मालिकेतील उपग्रहांच्या छायाचित्रांवरून ओळखल्या जातात. जमिनीवर आल्यानंतर हवामान केंद्रे, पर्जन्यमापक आणि रडार यांवर भर असतो. नागपूर येथे विभागाचे प्रादेशिक हवामान केंद्र व डॉप्लर रडार आहे. हे रडार रेडिओलहरी सोडते. पावसाच्या थेंबांवरून परतणाऱ्या लहरींच्या तीव्रतेवरून पावसाचा जोर आणि त्यांच्या वारंवारतेतील बदलावरून थेंबांची गती समजते. छिंदवाडा नागपूरपासून रस्त्याने सुमारे १२५ किमी अंतरावर असल्याने कन्हानचे वरचे खोरे रडारच्या टप्प्यात येते. विजांच्या पूर्वसूचनेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप तयार केले आहे.

इशारे

हवामान विभाग जिल्हानिहाय हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल असे रंगसंकेत वापरतो. पिवळा रंग लक्ष ठेवण्यास, नारिंगी सज्ज राहण्यास आणि लाल तातडीने कृती करण्यास सुचवतो. नदीच्या पुराचा अंदाज केंद्रीय जल आयोग देतो, तर धरणांतील विसर्गाची सूचना जलसंपदा विभाग व जिल्हा प्रशासनामार्फत नदीकाठच्या गावांना दिली जाते. नागपूर जिल्ह्यासाठीचा रंगसंकेत छिंदवाड्यातील पाऊस दर्शवत नाही; म्हणून पुराच्या दृष्टीने दोन्ही जिल्ह्यांचे इशारे आणि विसर्गाच्या सूचना एकत्र पाहाव्या लागतात.

उल्लेखनीय घटना

- ३० जुलै १९९१ : शेजारच्या वर्धा खोऱ्यात, नागपूर जिल्ह्यातील मोवाड हे गाव वर्धा नदीच्या महापुराने उद्ध्वस्त झाले. दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले.
- ऑगस्ट २०२० : उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र मध्य प्रदेशाकडे सरकल्याने तेथे २८ व २९ ऑगस्टला अतिवृष्टी झाली. चौराईतून आलेल्या पाण्यामुळे तोतलाडोहचे सर्व १४ दरवाजे उघडावे लागले. पारशिवनी, कामठी व मौदा तालुक्यांतील नदीकाठची गावे बाधित झाली. पुढे वैनगंगेच्या पुराने भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतही मोठे नुकसान झाले. ही प्रणाली चक्रीवादळ नव्हती, त्यामुळे तिला नावही नव्हते. या पुरानंतर दोन राज्यांतील धरणांच्या विसर्गातील समन्वयाचा प्रश्न पुढे आला.
- सप्टेंबर २०२१ : ‘गुलाब’ चक्रीवादळ २६ सप्टेंबरला आंध्र प्रदेशाच्या उत्तर किनाऱ्यावर धडकले. त्याचे क्षीण झालेले अवशेष तेलंगणा, विदर्भ व मराठवाडामार्गे अरबी समुद्रात गेले आणि तेथे ‘शाहीन’ हे नवे चक्रीवादळ निर्माण झाले.

मर्यादा

प्रणालीचा सर्वसाधारण मार्ग काही दिवस आधी सांगता येतो. परंतु सर्वाधिक पाऊस नेमक्या कोणत्या पाणलोटात पडेल हे ठरवणे अवघड असते. पावसाचा पट्टा थोडा सरकला तरी पाणी पेंचऐवजी दुसऱ्या नदीत जाऊ शकते. मान्सूनच्या उत्तरार्धात जलाशय जवळजवळ भरलेले असल्यास पाणी साठवून ठेवण्यास वाव कमी उरतो आणि अतिवृष्टी व पूर यांमधील अवधी घटतो.