जुन्या 'फोर बाय फोर'चा कॅम्पर करताय? प्लायवूड आणण्याआधी आरसी बघा

खर्डी : मुंबई-नाशिक महामार्गावर शहापूर मागे पडलं की खर्डी येते. पुढे कसारा घाट, आसपास तानसा, वैतरणा आणि भातसाचं पाणी. शनिवार-रविवारी या रस्त्याने निघणाऱ्या अनेकांच्या डोक्यात एक कल्पना घोळत असते: दारात उभ्या असलेल्या जुन्या बोलेरो किंवा जिप्सीत मागे झोपायची सोय केली तर?

कल्पना चांगली आहे. गाडीही हाताशी असते. इगतपुरीत महिंद्रचा इंजिनांचा कारखाना आणि नाशिकला बोलेरोचा, त्यामुळे या पट्ट्यात ती गाडी उघडून जोडता येणारे हात सहज मिळतात. पण कॅम्परचं काम बिघडतं ते सुतारकामात नाही, तर कागद आणि वजन या दोन ठिकाणी. ते कसं, समजून घेऊ.

सीट काढली तर काय होतं?

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाब स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आसनसंख्या आरसीवर लिहिलेली असते. म्हणजे मागची सीट कायमची काढून तिथे पलंग ठोकणं, छत कापून उंच करणं किंवा चासी लांबवणं हे 'घरचं काम' राहत नाही. त्यासाठी आरटीओची आधी परवानगी लागते. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर दाव्यात आडवा येतो, तो वेगळाच.

मग कायदेशीर कॅम्पर असतो तरी कसा?

'मोटर कॅराव्हॅन'साठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. बसायची जागा व टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची जागा, एवढं त्यात किमान हवं. टेबल सोडून बाकीचं पक्कं बसवलेलं लागतं. सप्टेंबर २०२२मध्ये महिंद्रने बोलेरोच्या डबल कॅब पिकअपवर कॅम्पर तयार करण्यासाठी आयआयटी मद्रासमध्ये वाढलेल्या एका कंपनीशी करार केला, तो याच वाटेचा. महाराष्ट्र सरकारनेही २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं आहे.

एका जुन्या गाडीसाठी हा रस्ता खर्चिक आहे. सोपा मार्ग म्हणजे सुटा संच. मूळ सीट दुमडायच्या आणि त्यावर घडीचा पलंग व खण असलेला खोका पट्ट्यांनी घट्ट आवळायचा. सोमवारी खोका घरात, गाडी पुन्हा मूळ रूपात. काहीही कापायचं किंवा वेल्ड करायचं नाही.

गाडीचं वय किती?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२पासून कारसाठी हे शुल्क ६०० वरून ५ हजार रुपये झालं. ऑगस्ट २०२५पासून २० वर्षांवरील कारला १० हजार लागतात. शिवाय राज्याचा पर्यावरण कर आहेच. दिल्ली-एनसीआरसारखा १० वर्षांच्या डिझेल गाड्यांवरचा नियम महाराष्ट्रात नाही. पण चासी गंजली असेल किंवा 'फोर-लो' गिअर पडत नसेल, तर आधी पैसे तिथे घाला.

वजनाचं गणित

दोन माणसं १४० किलो, १२ मिमी प्लायच्या दोन शीट सुमारे ४६, लिथियम बॅटरी १२, छोटा फ्रिज १५, पाणी ४० लिटर म्हणजे ४० किलो, कपडे-भांडी ३०. बेरीज २८३ किलो. गाडीच्या कमाल एकूण वजनातून आरसीवरचं रिकामं वजन वजा करा. उरेल त्यात हे बसायला हवं. १८ मिमी प्लाय घेतला तर दोन शीटमागेच साधारण २३ किलो वाढतात.

वजन कुठे आहे, हेही महत्त्वाचं. पाणी आणि बॅटरी खाली, मागच्या ॲक्सलच्या पुढे ठेवा. टपावर जड तंबू चढवला की घाटातल्या वळणावर गाडी जास्त झुकते. भरलेली गाडी एकदा महामार्गावरच्या वजनकाट्यावर घाला. कसारा उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरा, नाहीतर ब्रेक तापतात.

वीज किती लागते?

एका रात्रीचा हिशेब असा: दिवा ५०, पंखा १२०, फोन ३०, लॅपटॉप ६० आणि फ्रिज ४५० वॉट-तास. एकूण ७१०. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या साध्या बॅटरीतून सुरक्षितपणे ६०० वापरता येतात, लिथियममधून साधारण हजार. फ्रिज सोडला तर साधी बॅटरी पुरते. गाडीच्या मूळ बॅटरीवर हा भार टाकू नका, सकाळी स्टार्टर फिरणार नाही. दुसऱ्या बॅटरीच्या अगदी जवळ फ्युज हवाच.

काय टाळायचं?

बंद गाडीत शेगडी किंवा कोळसा पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपणंही तितकंच धोक्याचं. पावसाळ्यातल्या दमट रात्री दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवा आणि त्यांना मच्छरदाणीची जाळी लावा.

तानसा अभयारण्यात मुक्कामाला वन विभागाची परवानगी लागते. तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी मुंबईकर पितात, त्यामुळे काठावर साबणाची भांडी नकोत. खासगी जागेत थांबायचं तर मालकाला आधी विचारा.

आणि पहिली रात्र घाटमाथ्यावर नको, स्वतःच्या अंगणात काढा. पलंग चार बोटं आखूड आहे, जाळीला फट राहिली आहे, पंख्याची वायर तापते आहे, हे तिथेच कळतं. दुरुस्तीचं सामानही दहा पावलांवर असतं.